विवाहितेला कोणत्या नावाने संबोधावे?

(शहाड येथील कामगार वस्तीत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे लावणाऱ्या विवाहितेला कसे संबोधावे, हा प्रश्न सभेच्या सूत्रचालकाला, शिक्षकाला आणि कचेरीतील कारकुनाला वारंवार पडतो. पुष्कळदा तो माहेरचे आडनाव गाळून आणि नावाआधी 'सौ.' लावून निकालात काढला जातो. ही सोय कोणाची, याचा विचार व्हावयास हवा.

शहाडच्या शेजारचे स्थानक कल्याण. तेथील यमुना जोशी हिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. दोन्हीकडचे आडनाव एकच. तरीही यमुनेची आनंदीबाई झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळाली ती याच नावाने. आडनावाचा प्रश्नच नसताना नाव बदलले गेले, यावरून रूढीचा हेतू ध्यानात येतो. वधूची पूर्वीची ओळख पुसून तिची नोंद नव्या घराच्या खात्यावर व्हावी, एवढाच तो हेतू. उल्हासनगरच्या सिंधी समाजातही अनेक घरांत ही चाल होती.

विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असा कायदा भारतात नाही. बदलाची किंमत मात्र तिलाच मोजावी लागते. महाराष्ट्राच्या १९९४ च्या आणि केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. तो मागावयास गेलेल्या बहिणीजवळ शाळेचा दाखला एका नावाचा आणि आधारकार्ड दुसऱ्या नावाचे असते. ती दोन नावे एकाच व्यक्तीची, हे तिने सिद्ध करावयाचे; भावाला असा पुरावा कोणी मागत नाही. दोन आडनावे लावणारी स्त्री हा दुवा आपल्या नावातच जपून ठेवते. तो गाळणे म्हणजे तिचा पुरावा दुबळा करणे होय.

शासनालाही ही अडचण मान्य आहे. २०२४ च्या निर्णयात विवाहितेच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लिहिण्याची पद्धत कायम राहिली, पण मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव नोंदविण्याची मुभा दिली गेली.

माहेरचे आडनाव तरी पित्याचेच, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. परंतु जन्मापासून वागविलेले नाव ठेवावे की टाकावे, हे तिने ठरवावे, कारकुनाने नव्हे.

मग संबोधावे कसे? लिहिताना तिने लिहिले असेल तसे पूर्ण नाव, त्याच क्रमाने लिहावे. बोलताना आपली मराठी रीत पुरेशी आहे. अश्विनी भिडे-देशपांडे किंवा आरती अंकलीकर-टिकेकर यांना रसिक अश्विनीताई, आरतीताई म्हणतात. मृणाल गोरे चळवळीत मृणालताईच होत्या. केवळ सासरच्या आडनावाने हाक मारणे ही इंग्रजी 'मिसेस'ची नक्कल आहे.

राहिला उपाधीचा प्रश्न. 'सौ.' पती हयात असल्याची वर्दी देते. २०२३ साली विधवांसाठी 'गं. भा.' ही उपाधी शासकीय पातळीवर सुचविली गेली, तेव्हा तिला विरोध झाला आणि तो योग्यच होता. पुरुषाच्या 'श्री.'वरून त्याची पत्नी हयात आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून सर्व स्त्रियांना 'श्रीमती' हीच उपाधी असावी. तिला चिकटलेला वैधव्याचा अर्थ सार्वत्रिक वापरानेच गळून पडेल.

युनियनच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या नोंदवह्या आपल्याच हाती आहेत. प्रारंभ तेथून करता येईल.