लेण्याचे नाव आणि लेण्याचा अर्थ
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा संक्षेप)



प्रतिमेशेजारच्या फलकावर चार-सहा ओळी असतात. त्या लिहिणे हे संग्रहालयाच्या व्यवसायातील सर्वांत अवघड काम, असे मी अनुभवाने सांगतो. वेरूळचेच उदाहरण घेऊ.

तेथील ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैनांची. त्यांतील ३२ वे 'इंद्रसभा' म्हणून ख्यात आहे. वस्तुतः तेथे इंद्रही नाही आणि त्याची सभाही नाही. हत्तीवर आरूढ यक्षाला कोणी इंद्र मानले. मग सिंहवाहिनी यक्षी ओघानेच इंद्राणी झाली. वर आम्रवृक्ष, मांडीवर बालक. आपल्या घरची आजीसुद्धा तिला अंबिका म्हणून ओळखील! यक्षाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी त्यास सर्वानुभूती म्हणतात, कोणी मातंग. हे सारे लिहावे तर फलकावर जागा पुरत नाही. न लिहावे तर खोटा ठामपणा येतो. जुने नाव गाळावे, तर पुस्तके आणि मार्गदर्शक त्याच नावाने बोलतात. माझ्या मते रूढ नाव ठेवावे, पण ते कसे पडले हे त्याखालीच सांगावे.

शब्दांची अडचण याहून खोल आहे. वेरूळला पार्श्वनाथ आणि बाहुबली यांची शिल्पे वारंवार जोडीने येतात. अशाच एका बाहुबली-प्रतिमेसाठी मी पूर्वी लिहिले होते : 'अंगावर वेली चढलेला उभा पुरुष'. वर्णनात चूक नव्हती. एका वृद्ध श्रावकांनी नम्रपणे विचारले, "साहेब, हे कोण आणि असे का उभे, ते लिहायचे राहिले काय?" 'कायोत्सर्ग' हा शब्द सामान्य प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून मीच तो टाळला होता. पुढे फलक बदलला. त्या शब्दासाठी दोन ओळी खर्ची घातल्या.

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर पार्श्वनाथांची भव्य प्रतिमा आहे. तिच्यावरील शके ११५६ (इ. स. १२३४-३५) च्या लेखात चक्रेश्वर या दात्याचे नाव आहे. तेथे आजही पूजा होते. खाली तिकीट काढून येणारा प्रेक्षक, वर वंदनेस येणारा श्रावक. दोघांना एकच फलक कसा पुरावा? शिवाय कैलास पाहून अनेकजण परततात, उत्तर टोकाच्या या लेण्यांपर्यंत येतच नाहीत.

आपली यात्रा वेरूळला जाईल तेव्हा ३२ व्या लेण्यात मुलांना अंबिका दाखवा. ती काय विचारतात, ते मला अवश्य कळवा. पुढचा फलक लिहिताना मला ते प्रश्न हवे आहेत.