नोंदवहीतील दोन रकाने

(मंडळाच्या ग्रंथालय विभागाने योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त एखाद्या ऐतिहासिक कादंबरीवर बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शिवकाल किंवा पेशवाई असावी. हरि नारायण आपट्यांच्या काळापासून ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गड, दरबार, तलवारी आणि खलिते उभे राहतात. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत त्या कादंबरीत यांपैकी काही नाही. तीत एक स्वयंपाकघर आहे, मागच्या अंगणात एक लाकडी खोप आहे, एक मोठी नदी आहे आणि गुलामगिरीतून पळून आलेली एक आई आहे. टोनी मॉरिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 'बिलव्हेड' या नावाने १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, १९८८ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ मध्ये मॉरिसनबाई नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या. २०१९ मध्ये त्या निवर्तल्या. 'बिलव्हेड' म्हणजे 'लाडकी'. हा शब्द कोठून आला ते ओघाने येईलच.

मॉरिसनबाई लेखिका म्हणून नावारूपास येत होत्या त्या काळात न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेत संपादकाचे काम करीत. कृष्णवर्णीयांच्या जीवनाची जुनी कागदपत्रे, जाहिराती, छायाचित्रे आणि कात्रणे यांचा 'द ब्लॅक बुक' हा संग्रह १९७४ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली निघाला. त्या कात्रणांत १८५६ मधील एक मजकूर होता. एका धर्मोपदेशकाने तुरुंगात जाऊन मार्गारेट गार्नर नावाच्या गुलाम स्त्रीची भेट घेतली होती, तिचा तो वृत्तान्त. पोटच्या मुलीला मारताना तू भान हरपली होतीस काय, असे त्याने विचारले. नाही, आता आहे तितकीच शांत होते, असे तिने सांगितले. हे कात्रण बाईंच्या मनात जवळजवळ दहा वर्षे घर करून राहिले.

मूळ घटना अशी. अमेरिकेत केंटकी आणि ओहायो ही दोन राज्ये एकमेकांना लागून आहेत आणि मधून ओहायो नदी वाहते. दक्षिण तीरावरील केंटकीत गुलामगिरी कायदेशीर, उत्तर तीरावरील ओहायोत निषिद्ध. एरवी ही नदी ओलांडण्यास नाव लागे. परंतु १८५६ च्या जानेवारीत थंडी अशी कडाक्याची पडली की पात्र गोठले. त्या महिन्याच्या अखेरीस एका रात्री सतरा गुलाम बर्फावरून चालत सिनसिनाटी शहराच्या बाजूस आले. त्यांतील काही पुढे कॅनडापर्यंत सुखरूप पोहोचले. मार्गारेट, तिचा पती रॉबर्ट, त्याचे वृद्ध आईवडील आणि चार मुले ही मंडळी मात्र एका नातलगाच्या घरी थांबली, आणि काही तासांतच मालक सरकारी शिपायांसह दारात उभा राहिला. घराला वेढा पडला आहे हे पाहून मार्गारेटने सुरी उचलली. दोन वर्षांची मेरी मरण पावली. इतर मुलांना जखमा झाल्या. मुलांचा वर्ण इतका उजळ का, याविषयी शहरात जे बोलले जात होते ते येथे उच्चारण्याची गरज नाही. श्रोते सुज्ञ आहेत.

येथपर्यंत ही करुण कथा आहे. यापुढे ती सरकारी कामकाजाच्या हद्दीत शिरते, आणि ज्यांचे निम्मे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले अशा आमच्यासारख्यांनी जरा सावरून बसावे असा हा भाग आहे.

१८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पळालेल्या गुलामांविषयी एक कडक कायदा केला होता. पळून आलेल्या माणसाला ज्यूरी नाही. स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा अधिकार नाही. त्याला आश्रय देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणार एक कमिशनर, आणि त्याची फी ठरलेली: माणूस मालकाच्या स्वाधीन करण्याचा निर्णय दिला तर दहा डॉलर, मोकळा सोडला तर पाच. याचे समर्थन असे केले जाई की परत पाठविताना कागदपत्रे अधिक तयार करावी लागतात! आम्ही नोकरीत भत्त्यांचे आणि दरांचे नाना प्रकार पाहिले. पण न्यायाचे मोल निकालावर ठरविणारे आणि वर त्याला लेखनिकाच्या श्रमाचे कारण देणारे परिपत्रक अद्याप पाहिले नाही. अन्याय पुष्कळदा आरडाओरड करीत येत नाही. तो योग्य नमुन्यात, योग्य सहीनिशी येतो.

मार्गारेटच्या वकिलांनी त्यावेळी जे मागितले ते ऐकून आपण चकित व्हाल. हिच्यावर ओहायो राज्यात खुनाचा खटला भरा, अशी त्यांची मागणी होती. कारण उघड आहे. खुनाचा आरोप माणसावर होतो, वस्तूवर होत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली असती तर मार्गारेट माणूस ठरली असती, मारली गेलेली मेरीही माणूस ठरली असती, आणि फाशीची भीती असली तरी क्षमा होण्याची आशा होती. मालकाचे म्हणणे सरळ होते: ही माझी मालमत्ता, मेली तीही माझीच मालमत्ता. महिनाभर सारे शहर या प्रश्नाने ढवळून निघाले आणि शेवटी कमिशनरने मालमत्तेच्या बाजूने कौल दिला. मार्गारेटला परत नेण्यात आले. ओहायो राज्याने खटल्यासाठी तिला मागून घेण्याचा पुढे प्रयत्न केला. परंतु मालकाने तिला एका गावाहून दुसऱ्या गावी हलविले आणि दक्षिणेकडे पाठविले. वाटेत बोटीला अपघात होऊन तिची तान्ही मुलगीही बुडाली. १८५८ मध्ये मिसिसिपीत विषमज्वराने मार्गारेटचा अंत झाला.

मॉरिसनबाईंनी या खटल्याचा अधिक शोध मुद्दामच घेतला नाही, असे त्यांनी सांगितले आहे. प्रथम आम्हांस हे खटकले. ऐतिहासिक कादंबरीकाराने दफ्तर धुंडाळू नये हे कसे? पण विचार केल्यावर पटले. दफ्तरात वकील बोलतात, मालक बोलतात, वार्ताहर बोलतात. जिचे सारे काही जाते तिच्या अंतर्यामीचे बोलणे दफ्तरात जवळजवळ नाही. तेथे कल्पनेलाच जावे लागते. म्हणून कादंबरीतील सेथे ही मार्गारेट नव्हे. ती निराळी स्त्री आहे, आणि 'गार्नर' हे आडनाव लेखिकेने केंटकीतील मळ्याच्या मालकाला देऊन टाकले आहे. मळ्याचे नाव 'स्वीट होम', म्हणजे गोड घर. हा मालक स्वभावाने सौम्य. आपल्या गुलामांना 'पुरुष' म्हणवितो याचा त्याला अभिमान. तो मेल्यावर नवा कारभारी येतो. शिकलेला, मृदुभाषी, हातात वही असलेला. त्याला सारे 'मास्तर' म्हणतात.

एके दिवशी सेथेच्या कानावर मास्तरांचा पाठ पडतो. ते आपल्या शिष्यांना सेथेचे गुणविशेष वहीत उतरवून घेण्यास सांगत आहेत: डाव्या रकान्यात तिचे मानवी गुण, उजव्या रकान्यात पशूचे. आणि ज्या शाईने हे लिहिले जाते ती शाई सेथेनेच तयार केलेली असते. तिच्या पाठीवर चाबकाने उठलेले वण कादंबरीत आहेत, एका वृक्षासारखे पसरलेले. तरी आमच्या मते ग्रंथातील सर्वांत क्रूर वस्तू ती वही आहे. सेथे पळून जाते ती चाबकापासून नव्हे, त्या दोन रकान्यांपासून. आपल्या मुलांची नोंद त्या वहीत होऊ नये एवढाच तिचा हट्ट.

नावांचाही विषय असाच. सेथेची सासू बेबी सग्ज. तिचा मुलगा हॅले पाच वर्षे आपले रविवार दुसऱ्यांकडे राबून तिचे स्वातंत्र्य विकत घेतो. नदी ओलांडून जाताना ती मालकाला विचारते, आपण मला जेनी का म्हणता? तेव्हा तिला कळते की विक्रीच्या कागदावर तेच नाव होते. ज्या नावाने मालक तिला हाक मारी ते कोठून आले हे तिला कधी ठाऊकच नव्हते! पुरुषांची नावे पॉल ए, पॉल डी, पॉल एफ, जणू एकाच फायलीची जोडपत्रे.

सेथे दिवस भरत आलेल्या अवस्थेत एकटी पळते. वाटेत तिला एक गोरी मुलगी भेटते, तीही करारात अडकलेल्या मजुरीतून पळालेली. तिच्या मदतीने नदीकाठच्या एका मोडक्या नावेत सेथे प्रसूत होते. पलीकडे सासूच्या घरी, सिनसिनाटीच्या १२४ क्रमांकाच्या घरात, तिला मोकळेपणाचे अठ्ठावीस दिवस मिळतात. शेजाऱ्यांत बसणे, स्वतःसाठी सकाळी काय करायचे ते स्वतः ठरविणे. अठ्ठावीसच. मग मास्तर येतात, आणि खोपीत जे घडते ते मार्गारेटच्या नातलगाच्या घरात घडले तसेच आहे. मुलीच्या थडग्याच्या दगडावर कोरण्यास तिला परवडतो तो एकच शब्द, कादंबरीचे नाव. त्याची किंमत तिने कशी चुकविली ते वाचकांनी ग्रंथातच पाहावे.

सेथेने योग्य केले की अयोग्य, हा प्रश्न आमच्या घरी दोन रात्री चालला. सौभाग्यवतींचे मत एक, आमचे दुसरे, आणि कन्येने दोघांनाही निरुत्तर केले. लेखिका निर्णय देत नाही. पुढे सेथेवर मनापासून प्रेम करणारा पॉल डी सर्व ऐकून तिच्या कृत्याला पशूची उपमा देतो, आणि नकळत मास्तरांच्याच उजव्या रकान्यात तिला ढकलतो. हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले.

कथा चालू होते ती १८७३ सालात. गुलामगिरी घटनादुरुस्तीने १८६५ मध्येच संपलेली आहे, तरी त्या घरात ती मृत मुलीच्या रूपाने वावरते. हे साल मराठी माणसाला परके नाही. त्याच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. पुण्यात बसून त्या माणसाने ओहायोच्या काठचे दुःख आपल्या घरच्या दुःखाशेजारी मांडले. आपल्याकडे असे काही नव्हते, हे समाधान आम्हीही पुष्कळदा ऐकले आहे. पण पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किमतीसह. आणि कंपनी सरकारच्या मुलखातील न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये हा कायदा व्हायला १८४३ साल उजाडावे लागले. त्या कुणबिणींपैकी एखादीच्या मनात काय होते, हे सांगणारी मराठी कादंबरी आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही.

बदलीच्या हुकमाने घर सोडून आलेले आपण सर्व जण आहोत. म्हणून त्या पळालेल्यांशी आपले साम्य शोधण्याचा मोह होईल. तो टाळावा. आपल्या खिशात प्रवासभत्त्याचे बिल होते.

मात्र शेवटाकडील एक प्रसंग या सभागृहातील भगिनींना फार जवळचा वाटेल. घरात अन्न उरलेले नाही, सेथे अंथरुणाला खिळलेली, आणि वर्षानुवर्षे एकटी अंगणाबाहेर न गेलेली तिची धाकटी मुलगी डेन्व्हर धीर करून मदत मागण्यास बाहेर पडते. त्यानंतर अंगणाच्या कडेला शेजारणी अन्न ठेवून जाऊ लागतात. भांडे परत कोणाचे ते कळावे म्हणून कागदाच्या कपट्यावर नाव लिहिलेले. डेन्व्हर ती नावे वाचते, भांडी घेऊन एकेका दारी जाते, आणि एकेक शेजारीण तिला सांगते की तुझ्या आजीला मी ओळखत होते.

इंग्रजी कठीण आहे. पहिली तीसचाळीस पाने कोण कोणाचे ते कळत नाही, तेथे हार खाऊ नये. लहान मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये. आमची प्रत उद्यापासून ग्रंथालयाच्या कपाटात असेल. चिटणीसांची वेळेची चिठ्ठी दुसऱ्यांदा आली आहे, तेव्हा रजा घेतो.