लघवी लाल झाली म्हणून गोळी सोडू नका

 

आमच्या बचत गटातली एक सून. महिनाभर खोकला जाईना, संध्याकाळी कणकण यायची, वजनही उतरलं. थुंकी तपासली, टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लघवी लाल झाली. तिला वाटलं, रक्तच चाललंय. घरात सांगायची लाज. तिनं गोळ्या गादीखाली सारल्या. पंधरा दिवसांनी हप्ता भरायला आली, तेव्हा बोलली. आम्ही तिचा हप्ता विचारत होतो, तब्येत विचारली नव्हती.

मग आशाताईंना बोलावलं आणि आम्ही सगळ्याच ऐकायला बसलो.

टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. त्याचा रंगच तांबडा. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी-लाल होतं. ते रक्त नाही, घाबरू नका.

पण कावीळ झाली तर? या गोळ्यांनी काहींच्या यकृताला त्रास होतो. लघवी आधीच रंगीत, म्हणून तिच्यावरून कावीळ ओळखू येत नाही. रोज उजेडात आरशात डोळे बघा. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासना उडाली, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठा. नजर अंधूक झाली, रंग नीट ओळखू येईनात किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तरी लगेच सांगा. औषध थांबवायचं की बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील.

आणखी एक गोष्ट, जी बायका विचारत नाहीत. रिफाम्पिसिनमुळे शरीर दुसरी काही औषधं लवकर संपवून टाकतं. म्हणून माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. उपचार चालू असताना आणि नंतरही महिनाभर तांबी किंवा निरोध वापरा. साखरेची, फिटची किंवा दुसरी कुठलीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. महिन्याभरात बरं वाटू लागतं आणि तिथंच बाया फसतात. औषध अर्धवट सोडलं की उरलेले जंतू निगरगट्ट होतात. मग तीच गोळी त्यांना लागू पडत नाही. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं आपल्या नावाचं दवाखान्यात नोंदवा. काही शंका असेल तर १८००-११-६६६६ हा फुकट नंबर आहे.

आमच्या सुनेला डॉक्टरांनी पुन्हा तपासून औषध सुरू केलं. तिनं ते पूर्ण केलं. आता आमच्या बैठकीत हप्त्याच्या वहीआधी तब्येतीची चौकशी होते. तुमच्याही गटात होऊ द्या.