पदराआडचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी हा कसला विषय, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. पण मंडळाच्या बैठकीत आपण सुनेच्या बाळंतपणापासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत सगळे बोलतो. ही एकच गोष्ट तेवढी पदराआड राहते. रुग्णालयात परिचारिकेचे काम करताना तिने बायकांना किती छळले ते मी पाहिले आहे. म्हणून आज ती उघड बोलते.

शस्त्रक्रिया उत्तम पार पडते, डॉक्टर हसतमुखाने तसे सांगून जातात, आणि संध्याकाळी बाई कळवळू लागते. कारण लघवी होत नाही. खाटेवर भांडे दिलेले, पडद्यापलीकडे शेजारच्या रोग्याची माणसे, उशाशी जाऊबाई, आणि दर दहा मिनिटांनी कोणी तरी विचारणार, "झाली का हो?" अशाने व्हायची तीही होत नाही!

कोणी दाराबाहेर ताटकळत आहे, कोणाच्या कानावर आवाज जाईल, एवढ्या विचाराने एरवीही पुष्कळांची लघवी अडते. बायकांची तशी पुरुषांचीही. १९५४ साली विल्यम्स आणि डेगेनहार्ट ह्या संशोधकांनी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची पाहणी करून ह्या त्रासाला 'पॅरुरेसिस' असे नाव दिले. तेव्हा हा हट्ट नव्हे आणि नखराही नव्हे. मूत्राशयाच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो. मन बावरले की तो आवळून बसतो, आणि मग कितीही मनात आणले तरी सुटत नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्यात आणखी भर पडते. कमरेत सुई देऊन आणलेली भूल, दुखणे थांबवण्याची जबर औषधे आणि उताणे पडून राहणे, ह्या तिन्हींमुळे मूत्राशय मंदावते. मूळव्याध, हर्निया, गर्भाशय किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे विशेष आढळते. म्हणजे अंगचा संकोच आणि औषधांची सुस्ती, दोन्ही एकाच वेळी!

अशा वेळी बायका काय करतात? पाणी पिणे सोडतात आणि गप्प बसतात. ह्यातले गप्प बसणे फार वाईट. मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर, म्हणजे दोन पेल्यांइतके मावते. त्याहून जास्त साठून ते तासन् तास ताणले गेले, तर त्याचा स्नायू थकतो आणि पुढे कित्येक दिवस नीट काम करीत नाही. भूल पुरती उतरली नसेल तर भरल्याची जाणीवही होत नाही. म्हणून "मला लागलीच नाही" ह्यावर विसंबू नये. थेंब थेंब वारंवार होत असली, तरी आत मूत्राशय तुडुंब भरलेले असू शकते.

मग करावे काय? शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना आणि सिस्टरला एक वाक्य सांगून ठेवा : "कोणी जवळ असले की मला लघवी होत नाही." त्यांना ह्यात नवल वाटत नाही. उठण्याची परवानगी असेल तर निजून भांडे घेण्याऐवजी कमोडच्या खुर्चीवर बसवायला सांगा. पडदा ओढून घ्या, माणसांना बाहेर पाठवा, नळ थोडा सोडून ठेवा आणि श्वास सावकाश सोडत बसा. जोर मात्र करू नका. त्याने टाक्यांवर ताण येतो. पाणीही डॉक्टर सांगतील तेवढे पीत जा.

इतक्यानेही झाली नाही, तर नळीला भिऊ नका. आता पुष्कळ ठिकाणी पोटावर लहानसे यंत्र टेकवून आत किती साठले आहे ते पाहतात. गरज असेल तर बारीक नळीने मूत्राशय रिकामे करतात आणि बहुधा लगेच ती काढून घेतात. त्यात हार कसली? ताणलेल्या स्नायूला ती विश्रांतीच आहे.

घरी आल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही, ओटीपोट दुखून टणक लागले, किंवा जळजळ होऊन ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. आणि हा संकोच एरवीही पिच्छा पुरवीत असेल, तर त्यावर उपाय आहेत. जाणत्या समुपदेशकाच्या मदतीने थोडी थोडी सवय करीत गेल्यास तो बराच कमी होतो.

आता रोग्याला भेटायला जाणाऱ्या भगिनींना एक विनंती. आपण डबा नेतो, फळे नेतो, तासभर बसतो. परंतु रोगी चुळबुळ करू लागली की चहाचे निमित्त काढून उठावे, बरोबरच्यांनाही उठवावे, आणि परत आल्यावर "झाली का?" असे विचारू नये. त्या दहा मिनिटांच्या एकांताची सर आपल्या डब्यालाही येणार नाही.

 घरी गेल्यावर हे आपापल्या लेकीसुनांच्या कानावर अवश्य घाला.