वर्गणी, आहेर आणि बशीतली चिल्लर

माणसाचा हात सैल सुटतो तो केवळ स्वभावाने नव्हे. रक्कम कुणाला दिसते आणि दिलेले कधी परत येणार, यावरही ते बरेच अवलंबून असते.

भाटघर धरणाच्या आसपास, भोर-वेल्ह्याच्या गावांत जत्रेची वर्गणी निघते तेव्हा पावतीपुस्तकातली पहिली पावती शक्यतो मोठ्या असामीची फाडतात. पुढच्या घरी पुस्तक उघडले की आधीच्या पावत्यांवर नजर जातेच. ५०१ च्या खाली ५१ लिहायला हात कचरतो. देणगीदारांची नावे स्पीकरवरून पुकारली जाणार असतील, तर मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्यांचा आकडा आणखी वर सरकतो. यात भक्ती नसते असे नाही. पण आकडा ठरवते ती भावकी.

लग्नातल्या आहेराचा हिशेब वेगळा. मांडवात एक जण वही घेऊन बसतो आणि नाव, गाव, रक्कम मांडून ठेवतो. पुढे त्या घरची पत्रिका आली की वही काढली जाते. तेवढेच, जमल्यास थोडे चढते, परत केले जाते. देणे, घेणे आणि परतफेड ही तिन्ही बंधनेच असतात, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये मांडले. आहेराची वही त्यांच्या हाती पडली असती, तर ते खूश झाले असते.

हॉटेलातल्या टिपेला अशी परतफेड नाही. प्रवासी पुन्हा फिरकेलच असे नसते, तरी बडीशेपेच्या बशीत सुट्टे पैसे येतात आणि वेटर समोर उभा असताना ते सगळे उचलणे अवघड जाते. २०१६ मध्ये यूपीआय आले. क्यूआर कोडवर बिलाची नेमकी रक्कम जाते, सुट्टे उरतच नाहीत. टीप द्यायची तर ती आठवणीने वेगळी द्यावी लागते.

पाहणारी नजर नुसती चित्रातली असली तरी चालते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफीचे पैसे स्वेच्छेने टाकण्याच्या पेटीजवळ डोळ्यांचे चित्र लावल्यावर जमा जवळपास तिप्पट झाली, हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट व्हिएन्नातल्या ‘वाटेल ते द्या’ पद्धतीच्या एका उपाहारगृहात नाव न कळता पैसे देणाऱ्यांनीच जास्त दिले. स्वतःच्या नजरेतली पतही मोजावी लागते.

बिलातच जोडलेल्या सेवाशुल्काने मात्र किती द्यायचे हा प्रश्नच ग्राहकाच्या हातून काढून घेतला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये अशा परस्पर आकारणीला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही मनाई उचलून धरली.