लांब थांब
(शेणवा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला, गोदीत पोती उचलणारा माणूस. मोठे शब्द माझ्याकडून मागू नका.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत देश बंद. लोकल आधीच थांबलेल्या. मुकादम म्हणाला, "फोन करीन." त्याचा फोन अजून यायचाय. दहा बाय दहाची खोली, आत नऊ जण, आणि टीव्ही सांगतोय, एकमेकांपासून लांब राहा. लांब म्हंजे कुठं, भिंतीत?

चौथ्या रात्री आग्रा रोडनं चालत निघालो. ठाणं, पडघा, वाशिंद, आसनगाव. गावी पोचलो तर वाटेवर काट्या टाकलेल्या. "लांबच थांब." हे आपल्या आज्यानं ऐकलेलं. पण या खेपेला ते आपल्याच वस्तीच्या तोंडून आलं. तेच जास्त लागलं. वस्तीही भ्यालेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

चौदा दिवस शाळेत काढले. झोप नाही. छातीत धडधड. नुसता खोकला आला तरी वाटायचं, संपलं. शेजारचा गडी भिंतीशी बोलायला लागला. लोक म्हणाले, दारू मिळत नाही म्हणून करतोय. त्यानं जन्मात दारू शिवलेली नाही! त्याची आई म्हणाली, भगताकडं न्या. पगारदाराची झोप उडाली तर तो मानसिक ताण. आपली उडाली की बाधा, न्हायतर बेवडा.

सरकारी गुन्हे नोंदीचाच आकडा घ्या. २०१९ साली देशात ३२,५६३ रोजंदारांनी जीव दिला. २०२० साली ३७,६६६. त्या वर्षीच्या एकूण आत्महत्या १,५३,०५२, म्हंजे चारांत जवळजवळ एक रोजंदार. कारणं नाना असतील. पण या माणसांना कुणी विचारलं होतं का, झोप लागते का म्हणून?

१८९६ चा प्लेग मुंबईत पहिल्यांदा सापडला तो मांडवीत, गोदीला लागून. तेव्हाही लोक गावाकडं पळाले. १८९७ साली पुण्यात सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. सगळे लांब पळत होते तेव्हा ती बाई जवळ गेली.

आम्ही त्या गड्याला उशिरा का होईना, ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेला. औषध चालू झालं, हळूहळू झोप लागली. आता १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या. आणि फोनवर सोडून मोकळे होऊ नका, बाजूला जाऊन बसा.

तो गडी आज इथंच बसलाय. नाव मी सांगणार नाही. वाटलं तर तोच उठून बोलेल.