भोपळ्याचा वेल दगावतो कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



उद्यानिकी खात्यात काम करणाऱ्या आम्हा लोकांना इंदुरात दर श्रावणात एकच प्रश्न येतो. "कद्दूचा वेल छान पसरला होता, फळही धरलं होतं, आणि दोन दिवसांत मान टाकली!" ऋषिपंचमीच्या भाजीत परसातलाच भोपळा पडावा ही आपल्या घरांतली हौस, त्यामुळे जीव हळहळतो. लोक पानं बघतात, फळ बघतात. आम्ही आधी बुडाशी बसतो.

माळव्याची काळी माती पाणी सोडत नाही. वेल जमिनीतून वर येतो ती जागा सतत ओली राहिली, की तिथेच कुजते. म्हणून बी वीतभर उंचवट्यावर लावावं, बुडाशी शेणखत थापू नये. पुढच्या पेरांचं मात्र उलटं. पेरावर मूठ-दोन मूठ माती टाकली, की तिथे नवी मुळं फुटतात. बुडाला इजा झाली तरी वेल त्या मुळांवर तगतो. आजच्या भाषणातलं एवढं लक्षात राहिलं तरी आम्हाला पुरे.

लाल भुंगे कोवळी पानं खातात हे सर्वांना दिसतं. त्यांच्या अळ्या मातीत राहून मुळं आणि बूड पोखरतात, ते दिसत नाही. भुंगे सकाळी लवकर सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत.

खोडावर तांबूस डिंक दिसला तर ती बुरशी. रोगट फांदी कापून परसाबाहेर टाकावी, चाकू स्पिरिटने पुसावा, ओल्या वेलाला हात लावू नये. पुढची दोन वर्षं त्या जागी काकडी, गिलकी, दोडका काहीच नको. डिंक नसलेली उभी, कोरडी चीर मात्र वाढीची असते. तिला हवा लागू द्यावी. शेण-माती लिंपायची आपली सवय तिथे घात करते.

आता मोठ्या फळाच्या शौकिनांसाठी. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी 'अटलांटिक जायंट' हे वाण तयार केलं. त्याच जातकुळीतला २७४९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२४७ किलोंचा भोपळा २०२३ साली कॅलिफोर्नियात तोलला गेला. आपल्याला वीस किलोही पुष्कळ! पण अडचण तीच. फळ फुगताना त्याचे खांदे वेलाला वर ढकलतात आणि देठ सांध्यात तडकतो. म्हणून फळाशेजारच्या पेरांवर माती टाकू नये, तिथली मुळं तोडून वेल मोकळा ठेवावा. वेल फळापासून दूर वळवायचा तर रोज थोडा थोडा, आणि दुपारनंतर. सकाळी तो पाण्याने ताठ असतो, कट्‌कन मोडतो.

भोपळा काढताना चार बोटं देठ ठेवून कापावा. देठाला धरून उचलू नये. देठ निखळला, की सड तिथूनच सुरू होते.

ज्यांच्या वेलावर सध्या डिंक आहे, त्यांनी उद्या आरतीला येताना मोबाइलवर बुडाचा फोटो काढून आणावा. वेल उपटून आणू नये.